दोन्ही लाइनी एकाच भोकातून

४ नोव्हेंबर, मंगळवार

हरलो. माझ्यामुळे! पाच जणांचा खेळ, आणि ऐन मोक्याच्या वेळी मी पुतळा. इकडे मी बटणं बडवतेय, तिकडे पडद्यावर माझा गडी ढिम्म. कप्तान ओरडला, "खारू, आहेस की गेलीस?" आहे रे बाबा. मी कुठे जाणार?

दुपारी तीन ते पाच बाबा झोपतात. दिवसातला माझा म्हणावा असा वेळ तेवढाच. आणि नेमका तीनलाच दादाचा बॅकअप सुरू होतो. दादा राहतो इथून बसने एका रात्रीच्या अंतरावर, पण त्याचे निम्मे सर्व्हर आमच्या घरात. त्याच्या जुन्या खोलीत माणसाएवढं कपाट आहे, कपाटाला काचेचं दार, दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. त्याच्या घरचे फोटो, फायली, सगळं जग रोज दुपारी आमच्या लाइनीवरून त्या कपाटात उतरतं. तेवढा वेळ आपण नेट वापरायचं म्हणजे भरल्या बसच्या दाराला लटकायचं.

त्या कपाटाला उकडू नये म्हणून त्या खोलीत एसी चालतो. बाबांच्या खोलीत पंखा आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा छतातून बोलला. मी बाबांची चादर बदलत होते. कॅमेऱ्यातून दादाचा आवाज — "अगं, डावीकडे सुरकुती राहिलीय."

राहिली होती. म्हणून तर जास्त राग आला!

८ नोव्हेंबर, शनिवार

ही वही मी बाथरूममध्ये लिहिते. घरात कॅमेरा नाही अशी ही एकच खोली. बाकी सगळीकडे लाल दिवा. हॉलमध्ये, बाबांच्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात गॅसकडे तोंड करून एक. फोनवर काही लिहावं तर ते दादाच्या जाळ्यातून जातं आणि तो कुठल्याशा तक्त्यात बघतो. "काल दोन तास गेम?" असं सहज विचारतो, जेवलीस का विचारावं तसं. कागद अजून त्याच्या तक्त्यात येत नाही.

आज इथूनच, खिडकीपाशी येणाऱ्या फोनच्या नेटवरून, 'घरचं जाळं' या ग्रुपवर प्रश्न टाकला. तिथे लोक घरच्या नेटबद्दल बोलतात. बोलतात कसले, भांडतात! एका बाजूला कपाटवाले, म्हणजे दादासारखे. घरात सर्व्हर, वायरींना रंगीत चिठ्ठ्या, सुरक्षेवर प्रवचनं. दुसऱ्या बाजूला आम्ही गेमवाले. आम्हाला एकच हवं असतं — पिंग कमी. म्हणजे इथे बटण दाबलं की पलीकडे लगेच कळावं, बस. आम्ही काही विचारलं की कपाटवाले म्हणतात, "पिंगबहाद्दर आले! आधी केबल टाका, मग रडा." आमचे म्हणतात, "तुम्ही कपाटातले दिवे मोजा आणि झोपा." की भांडण सुरू.

कपाटवाल्यांचा म्होरक्या 'द्वारपाल'. गेमवाल्यांना सोलून काढण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. द्वारपाल म्हणजे दादा. मला ठाऊक आहे, कारण त्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं. मी तिथे आहे हे त्याला ठाऊक नाही. मी तिथेही खारूच, आणि तिथले सगळे मला पुरुष समजतात.

मी लिहिलं — रोज ठरावीक वेळी पिंग चढतो, घरात दूरच्या नातेवाइकाचा बॅकअप चालतो, राउटर त्याच्या ताब्यात, काय करू? मोजून आलेख जोडला. आमचे पत्ते, वेळा पुसून टाकल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

उत्तर आलं. द्वारपालाचंच!

"खारूभाऊ, गेमवाल्यांत आलेख जोडून नीट प्रश्न विचारणारा माणूस प्रथमच पाहिला. तुमचे ते नातेवाईक मात्र अडाणी दिसतात. ज्या घरात माणसं राहतात तिथल्या माणसांना न विचारता बॅकअपची वेळ लावायची? जाळं माणसांसाठी असतं. सरळ फोन करून सांगा. ऐकलं नाही तर माझं नाव सांगा."

माझं नाव सांगा! तोंडात टॉवेल कोंबून हसले. किती छान लिहितो. इतका आदर त्याने मला जन्मात दिला नाही.

मग म्हटलं, चला, सल्ला दिलाय तर मानू या. फोन केला.

"दादा, बॅकअप रात्री लाव ना."

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं? रात्री मी वापरत असतो इथे. दुपारी तिथे कोण असतं?"

"मी असते."

"तेच म्हणतोय मी. कोणी काम करत नसतं."

नंतर हसू नाही आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

कप्तानाचा निरोप. तो जिथे नोकरी करतो तिथे कच्चे गेम खेळून त्यातल्या चुका काढणारी माणसं हवी आहेत. त्याने माझं नाव दिलंय. परवा दुपारी चाचणी. त्यांच्या लोकांबरोबर खेळायचं. मी म्हटलं, माझं वय बघ! तो म्हणाला, "तुझं वय काय करायचंय? तू बोलायला लागलीस की आम्हाला कळतं कुठे पळायचं."

परवा दुपारी. तीन वाजता. दुसरी कुठली वेळ मिळणार होती मला!

१२ नोव्हेंबर, बुधवार

चाचणी दिली. कुठून? बाथरूममधून!

दादाचं नेट वापरलं असतं तर बोऱ्या वाजला असता. फोनचं नेट घरात फक्त बाथरूमच्या खिडकीपाशी येतं. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप, बादली पालथी घालून त्यावर मी, फोन खिडकीच्या जाळीला दोऱ्याने बांधलेला. पलीकडे कंपनीची एक बाई, कप्तान, आणखी दोघं. पिंग बरा होता. सुरुवात झकास झाली.

आणि मध्येच टिंग टिंग. बाबा. त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलाय, हालचाल झाली की वाजणारा अलार्म दादाने त्यांच्या गादीखाली बसवलाय, त्यापेक्षा मला तोच लवकर ऐकू येतो. मी म्हटलं, "जरा जाऊन आले," आणि पळाले. बाबांना कुशीवर वळवलं, पाणी दिलं, परत येऊन बादलीवर बसले. पडदाही नीट पाहिला नव्हता आणि बोलायला लागले — कप्तान, तू मागच्या पुलावर असशील, मागे बघ. दोघं तुमच्याकडे खालून येत असतील. होतेच!

शेवटी त्या बाईने विचारलं, "तुम्ही जागेवर नव्हता, मग कोण कुठे असेल हे कसं कळलं?"

म्हटलं, सवय आहे. एका खोलीत असताना दुसऱ्या खोलीत काय चाललंय याच्यावरच तर माझा दिवस चालतो. पण ते नाही सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निरोप नाही. बाबांना दिवसभर उचकी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घेतलं!! मला घेतलं!

१ डिसेंबरला हजर व्हायचं. पहिले चार महिने तिथे, कप्तानाच्या शहरात, त्यांच्या ऑफिसात. मग घरून केलं तरी चालेल. राहायची सोय तेच करणार. फक्त चार महिने.

पत्र वाचून झाल्यावर बराच वेळ बादलीवर बसून राहिले. आनंद झाला आणि लगेच त्याच्यावर कोणीतरी झाकण ठेवलं. बाबांचं काय? बाबा आजारी पडले तेव्हा मी कुरिअरच्या ऑफिसात होते. महिनाभराची रजा टाकून घरी बसले ती आजतागायत बसलेलीच आहे. तेव्हापासून हे घर आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, यापलीकडे गेले असेन तर दातवाल्याकडे.

आता दादानेच यायला हवं. दुसरं कोण आहे?

१९ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं.

मनात दहादा घोकून विचारलं. चिडायचं नाही, रडायचं नाही. "दादा, मला नोकरी लागलीय. चार महिने तू इथे येऊन राहशील? तूही घरूनच काम करतोस ना."

"हो, पण माझा सगळा सेटअप इथे आहे."

"निम्मा इथेच आहे की!"

"ते वेगळं." मग म्हणाला, "नोकरी कसली?" सांगितलं. मग हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा. "गेम खेळायला चार महिने? अगं, बाबांना सोडून?"

मी म्हटलं, सोडून नाही, तुझ्यावर सोपवून. म्हणाला, "मी बघतोच आहे ना इथून सगळं. आणखी एक कॅमेरा लावू. आणि माणूस ठेव एखादा."

माणूस ठेव! ठेवले होते की. पहिल्या बाई चांगल्या होत्या, बाबांना गाणी म्हणून दाखवायच्या. छतातून आवाज आला, "उशी जरा वर घ्या," आणि त्यांच्या हातातला वाडगा पडला. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. दुसऱ्या जाताना मला म्हणाल्या, "ताई, काम अवघड नाही. पण कोणीतरी सारखं टक लावून बसलेलं मला सोसत नाही." तिसरी आलीच नाही, दारातून कॅमेरे बघून गेली.

हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "ज्यांना लपवायचं असतं त्यांनाच कॅमेऱ्याची भीती."

मी फोन ठेवला. जोरात ठेवायचीही सोय नाही हल्ली, नुसतं बोट टेकवायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कप्तानाला 'नाही जमत' लिहायला घेतलं. लिहवेना.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपवर आज महाभांडण. माझ्या हातची भाजी करपली वाचता वाचता.

झालं असं. ग्रुपवर पिंग मोजायचं एक पान आहे, सगळे वापरतात. कपाटवाले गेमवाल्यांना नावं ठेवायला, गेमवाले कंपन्यांना शिव्या द्यायला. ते पान द्वारपालाचं. म्हणजे आमच्या घरच्या कपाटातलं! वर हिरव्या अक्षरांत 'अखंड चालू' आणि पुढे दिवसांचा आकडा. त्या आकड्याचा त्याला केवढा अभिमान. आज त्याने लिहिलं, "शिस्त असली की असं होतं. गेमवाल्यांच्या घरात एक राउटर आठवडाभर धड चालत नाही."

आमच्यातला 'भोपळा' नावाचा एक पेटला. भोपळा खेळतो वाईट, भांडतो सुंदर. "शिस्त म्हणजे काय ते तरी सांगा, महाराज."

महाराजांनी सांगितलं. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, एक गेली तर दुसरी. वीज गेली तर बॅटरी. कपाटाला कुलूप. मला आमच्या घराचं वर्णन परक्या लोकांत वाचून कसंसंच झालं. त्यात बाबा नव्हते. मी नव्हते.

भोपळ्याने विचारलं, "आणि त्या दोन लाइनी घरात शिरतात कुठून?"

द्वारपालाला विषय बदलता आला असता. पण खोटं बोलायचा नाही दादा, हे मी लहानपणापासून जाणते. लिहिलं, "एकाच भोकातून. स्वयंपाकघराच्या खिडकीवर. दुसरं भोक पाडायला वडिलांनी तेव्हा नाही म्हटलं."

मग काय! गेमवाल्यांना रान मोकळं. "लाइनी दोन आणि भोक एक!" "उंदराला नोकरी द्या, द्वारपालाला सुट्टी!" त्यांच्या बाजूचेसुद्धा दोघं-तिघं हसले. आणि चिडून दादाने लिहिलं —

"तिथे हात लावणार कोण? घरात वडील अंथरुणाला, आणि बहीण. तिला यातलं काही कळत नाही."

वाचलं. फोन खाली ठेवला. खिडकीच्या वर पाहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्टुलावर चढून पाहिलं. गॅसवरचा कॅमेरा खाली बघतो, भोक त्याच्या डोक्यावर. एक काळी वायर, एक पांढरी. दोन्ही तिथल्या छोट्या डब्यांत नुसत्या खटक्याने बसवल्यात. कापायचीही गरज नाही.

उतरले. भांडी घासली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस तेच डोक्यात. एकदा वाटतं, हा काय पोरकटपणा! लाइन गेली की गादीचा अलार्म जाणार, कॅमेरे जाणार. पण मग वाटतं, अलार्म वाजून वाजून कोणाला बोलावतो? मलाच ना? मी तर इथेच आहे. हातभर अंतरावर.

आणि दादा येईल का? बाबांसाठी आला नाही तो.

मागच्या वर्षी, बाबा धरून धरून चार पावलं टाकायचे तेव्हा, एकदा पडले ते आठवलं. मी कोपऱ्यावर औषधं आणायला गेले होते. धावत आले, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना हाका मारल्या, दोघींनी मिळून उचललं. कपाळ फुटलेलं. दादाला फोन केला, म्हटलं, ये रे. नाही आला. संध्याकाळी त्याने कॅमेऱ्यातली चित्रफीत पाठवली — "हे बघ, पायपुसणं सरकलं. ते काढून टाक." चित्रफितीत बाबा पडतात, आणि मी येईपर्यंत जमिनीवर नुसते हात हलवत राहतात. मी ती एकदाच पाहिली. त्याने किती वेळा पाहिली असेल, पायपुसणं शोधायला?

आज बाबांना सगळं सांगितलं. आजारपणानंतर त्यांच्याकडे दोनच शब्द उरलेत, 'नको' आणि 'हात्तिच्या'. सगळा संसार त्या दोन शब्दांत चालतो. नोकरीचं सांगितलं, चार महिन्यांचं सांगितलं, वायरींचं पण सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, वरच्या दिव्याला पाठ करून. शेवटी विचारलं, "बाबा, मी जाऊ का?"

माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता 'नको' म्हणतात. तोंडाची एक बाजू हलली.

"हात्तिच्या!"

अगदी पूर्वीसारखं. सहलीला जाऊ का विचारलं की असंच म्हणायचे — यात विचारायचं काय! मी त्यांच्या पोटावर डोकं टेकून रडले. रडू दिलं त्यांनी. चांगला हात डोक्यावर ठेवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काढल्या. दोन्ही.

टक् आणि टक्. इतकंच.

वरचे लाल दिवे पिवळे होऊन लुकलुकायला लागले. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. केस मोकळे सोडले, खुर्चीवर पाय घेऊन जेवले, बाबांना घास देताना मोठमोठ्याने चुकीचं गाणं म्हटलं. कोणी दुरुस्त केलं नाही!

मी जेवत असतानाच दादाचा फोन. "कपाटाचे दिवे बघ गं."

"हिरवे आहेत."

"मग लाइन गेलीय. दुसरी?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

हे म्हणताना जी मजा आली ना! देवा, वाईट आहे मी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रुपवर दिवाळखोरी जाहीर झाल्यासारखी गंमत. पान बंद. 'द्वारपाल झोपला!' भोपळा तर उसळतोय नुसता. पण दादाला लागलं असेल ते त्याच्या बाजूच्यांचं. "दोन लाइनी एका भोकातून घेणाऱ्याने आम्हाला प्रवचन देऊ नये." हे लिहिणारा कपाटवाला. काल-परवापर्यंत दादाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. 'अरे, गप्प बसा, माणूस आहे तोही' असं लिहिलं, पुसलं.

दादाचे फोनावर फोन. दोन्ही कंपन्या म्हणतात, माणूस मंगळवारी येईल. मंगळवार! त्याचा आवाज चिरका झालाय. राउटर बंद कर, चालू कर, खिडकीतून वायर तुटलेली दिसते का बघ. बाबांबद्दल एकदाही नाही. गादीचा अलार्म बंद पडलाय, कॅमेरे बंद आहेत, बाबा जिवंत आहेत की नाहीत हे त्याला माझ्या शब्दाखेरीज कळायचा मार्ग नाही — आणि हे त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. मी वाट बघितली. प्रत्येक फोनला वाटलं, आता विचारेल.

मग ते जे थोडं वाईट वाटत होतं तेही गेलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

"मीच येतो," म्हणाला. "रात्रीची बस धरतो. सकाळी पोचेन."

म्हटलं, "ये. पण ऐक. मी उद्या बाराच्या बसने जातेय. नोकरीवर. चार महिने. बाबा तुझ्याकडे. ऐकलंस?"

"आधी लाइन बघू दे."

"नाही. आधी हो म्हण."

"हो गं बाई, हो! कपाटाला हात लावू नकोस फक्त."

हो म्हणाला आहे. त्याला कळलं असो नसो.

दुपारी बॅग भरली. काय भरायचं तेच समजेना, बाहेर जायचे कपडे उरलेच नाहीत. शिंपीणकाकूंना सांगून आले, सकाळ-संध्याकाळ डोकवा, दादा नवखा आहे. त्यांनी टेप गळ्यातून काढली, मला जवळ घेतलं, म्हणाल्या, "जा तू. कॅमेरे बंद असले तर दिवसभर येऊन बसेन." मग माझा सैल ब्लाउज बघून म्हणाल्या, "काढ, दोन टाके घालते."

बाबांना आंघोळ घातली, नखं कापली, दाढी केली. हळूहळू केली, संपवावीशी वाटेना. इतके दिवस ज्या कामातून सुटायला जीव तडफडत होता ते आज हातातून सोडवेना. कसली मी! बाबा आरशात बघून हसले.

झोप येणार नाही. येऊ दे, न येऊ दे.

३० नोव्हेंबर, रविवार

बाथरूममधूनच लिहितेय. घाईत.

दादा आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात नवीन वायरीचं भेंडोळं. किती पिकलाय! पडद्यावर कळत नाही ते. बाबांच्या दारात क्षणभर थांबला. बाबांनी हात वर केला. दादाने लांबूनच हात हलवला, कॅमेऱ्यासमोर हलवतात तसा, आणि "आलोच हं बाबा" म्हणून आपल्या खोलीत गेला. कपाटाचं कुलूप उघडून गुडघ्यांवर बसला.

चहा दिला. घोट न घेता वायरी चाचपत होता. मला बघवेना.

"दादा, तिथे काही नाही. स्वयंपाकघरात, खिडकीवर. दोन्ही मी काढल्यात."

मान वर केली. आधी समजलंच नाही त्याला. मग समजलं.

"तू?"

"हो."

"का?"

"तू यावास म्हणून."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. मी मुस्काटात खायच्या तयारीत. पण हळू आवाजात म्हणाला, "फोन करायचास."

"केला होता."

स्वयंपाकघरात गेला, स्टुलावर चढला. टक्, टक्. दिवे लाल झाले. परत येऊन कपाटासमोर बसला, पाठ माझ्याकडे, आणि पडद्यावर काय काय तपासायला लागला.

मी दारातून सांगितलं. दहाची गोळी जेवणाआधी, पाणी चमच्यानेच, दर दोन तासांनी कूस. "हं," म्हणाला. पुन्हा सांगितलं. "हं." तिसऱ्यांदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहून सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं. म्हटलं त्याने. डोळे पडद्यावर.

बाबांच्या पाया पडले. जास्त वेळ थांबले असते तर निघवलं नसतं. साडेअकरा. जाते.

तोच दिवस, बसमध्ये

बस सुटतानाच दादाचा फोन. वाटलं, आता शिव्या. मागून बाबांचा आवाज येत होता, "नको, नको."

"अगं — बाबांना कुशीवर कसं वळवायचं?"

"रोज तर बघत होतास."

मग म्हणाला, "बघितलं नव्हतं गं."

मग मी सांगितलं. आधी त्यांचा गुडघा दुमडून घे. एक हात खांद्याखाली. आता त्यांना सांग, वळवतोय म्हणून. मोठ्याने सांग, त्यांना ऐकू येतं.